दंतमंजनाचा दावा

माणूस उठल्यापासून निजेपर्यंत जी कर्मे करतो, त्यांपैकी बहुतेकांचे कारण त्याला सांगता येते. जेवतो तो भूक लागते म्हणून, कचेरीत जातो तो पोटासाठी, देवळात जातो तो मनाला विसावा हवा असतो म्हणून. पण दात कशासाठी घासतोस, असे विचारले की तो क्षणभर घोटाळतो. “तोंड स्वच्छ व्हावे म्हणून” हे उत्तर लगेच येते, नाही असे नाही. परंतु स्वच्छ म्हणजे काय, असा उलटतपासणीतला दुसरा प्रश्न टाकला की भले भले साक्षीदार गडबडतात. कोणी म्हणतो, दुर्गंधी जावी. कोणी म्हणतो, दात पांढरे दिसावेत. आणि आजकाल बहुतेक सगळे म्हणतात, जंतू मरावेत. हे तिसरे उत्तर आपल्या तोंडी कोणी घातले, आणि ते कितपत खरे आहे, ह्याचा थोडा विचार करावा असे पुष्कळ दिवस मनात होते. माझा धंदा वकिलीचा. दावा दिसला की पुरावा मागावयाचा, ही खोड काही केल्या जात नाही. आणि टूथपेस्टच्या नळीइतके दावे तर दिवाणी न्यायालयाच्या आवारातही एका वेळी दिसत नाहीत!

आपल्या पूर्वजांनी दंतधावनाचा विचार केला होता, आणि तो बारकाईने केला होता. चरकसंहितेत दिवसातून दोन वेळा दात घासावेत असे सांगितले आहे. काडीचे टोक चावून मऊ करावे, ती तुरट, तिखट किंवा कडू रसाची असावी आणि हिरड्यांना इजा होऊ देऊ नये, इतका तपशील तेथे आहे. फळ म्हणून काय सांगितले आहे? तर दुर्गंधी व विरसता जाते, जिभेचा व दातांचा मळ निघतो आणि अन्नाला रुची येते. धर्मशास्त्रकारांनी ह्यात आणखी एक भर घातली. श्राद्ध, उपवास, अमावास्या अशा काही दिवशी काष्ठाने दात घासणे निषिद्ध. त्या दिवशी पाण्याच्या बारा चुळा भरून मुखशुद्धी करावी. आमच्या गोव्याकडील खेड्यांत ज्येष्ठ मंडळी आंब्याचे पान मुरडून त्याने दात घाशीत. देशावर राखुंडी असे, कोठे मीठ, कोठे कोळशाची पूड. ह्या साऱ्यांत एक गोष्ट समान दिसते. मळ काढणे हे त्यांचे प्रयोजन होते. कोणाचा वध करणे हे नव्हते.

वधाची भाषा आली ती जंतू दिसू लागल्यावर. हॉलंडमधील डेल्फ्ट गावचा कापडाचा व्यापारी लेव्हेनहुक ह्याने १६८३ साली लंडनच्या रॉयल सोसायटीला एक पत्र लिहिले. स्वतःच्या दातांवरचा पांढरा थर खरवडून, पाण्यात कालवून, आपण घडविलेल्या भिंगाखाली त्याने पाहिला होता. आणि त्यात सूक्ष्म जीव वळवळताना त्याला दिसले होते. आपल्या एकट्याच्या तोंडात जितके प्राणी आहेत तितकी माणसे आपल्या साऱ्या देशात नाहीत, अशा अर्थाचे त्याने लिहिले आहे. हा गृहस्थ रोज सकाळी मिठाने दात घाशी, हे विशेष. परंतु ह्या पत्रव्यवहारातील मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट निराळीच आहे. त्याने पुढे व्हिनेगारचा प्रयोग करून पाहिला. काचेवर घेतलेले जीव त्याने मरत. पण दातांवर व्हिनेगार फिरविले असता थराच्या बाहेरच्या बाजूचे तेवढे मेले, आतले तसेच राहिले, असे त्याला आढळले. टूथपेस्टच्या कारखान्यांचा जन्म होण्यापूर्वी दोनशे वर्षे एका कापडवाल्याने त्यांच्या जाहिरातींवर अशी टीप लिहून ठेवली होती!

त्यानंतर बर्लिनमध्ये काम करणारा मिलर नावाचा अमेरिकन दंतवैद्य आला. १८९० साली त्याने तोंडातील सूक्ष्म जीवांवर ग्रंथ प्रसिद्ध केला आणि दाताची कीड ही खरी कीड नव्हेच, हे दाखवून दिले. आपण अजून “दाताला कीड लागली” असेच म्हणतो. दाताच्या पोटात अळी असते ही समजूत जगभर होती. मिलरने सांगितले की तोंडातील जीव गोड व पिठूळ पदार्थ आंबवितात, त्यातून आम्ल तयार होते आणि ते आम्ल दाताचे कवच विरघळविते. म्हणजे गुन्हा घडण्यास आरोपी एकटा पुरत नाही. त्याला शिधा पुरविणारा साथीदार लागतो, आणि तो साथीदार आपण स्वतः असतो. जाहिरातीच्या चित्रात मात्र साथीदार कधी दिसत नाही. तेथे हिरवट रंगाचे, दात विचकणारे राक्षस असतात, नळीतून एक शुभ्र वीर निघतो आणि क्षणार्धात रणभूमी मोकळी होते.

हे युद्ध एकदा खरोखरच न्यायालयात आले होते. १९९७ साली हिंदुस्थान लिव्हर कंपनीने आपली नवी पेप्सोडेंट बाजारात आणताना, ती जंतूंशी लढण्यात “आघाडीच्या टूथपेस्टपेक्षा १०२ टक्के सरस” असल्याची जाहिरात केली. दूरदर्शनवर दोन मुले दाखविली होती. दात घासल्यानंतर काही तासांनी त्यांच्या लाळेचे नमुने घेतलेले; एकाच्या नमुन्यात जंतूंची दाटी, दुसऱ्याच्यात विरळ वस्ती. पहिल्या मुलाला त्याच्या टूथपेस्टचे नाव विचारले जाई तेव्हा आवाज बंद होई. पण ओठ हलत, आणि त्या ओठांवर कोलगेट हे नाव प्रेक्षक वाचीत. कोलगेट कंपनीने मक्तेदारी व निर्बंधक व्यापारप्रथा आयोगाकडे धाव घेतली, आणि हे भांडण १९९९ साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन पोचले. २०१३ साली त्याच दोन घराण्यांत दिल्लीच्या उच्च न्यायालयात पुन्हा जुंपली. तेव्हा आकडा १३० टक्क्यांवर गेला होता.

ह्या प्रकरणांचे वाचन करताना एक गोष्ट वकिलाच्या नजरेतून सुटत नाही. कायदा अशा वेळी मुख्यतः विचारतो तो हा, की एका विक्रेत्याने दुसऱ्याच्या मालाची नालस्ती केली काय. आपला माल साऱ्या जगात श्रेष्ठ आहे असे व्यापाऱ्याने म्हटले, तर ती आत्मस्तुती न्यायालये पुष्कळ अंशी चालवून घेतात; शेजाऱ्याचा माल निकृष्ट म्हटला की मात्र हरकत येते. तेव्हा बड्या बड्या विधिज्ञांनी तासन् तास युक्तिवाद केले ते दोन दुकानांच्या अब्रूसंबंधी. ज्या तोंडासाठी हा सगळा खटाटोप, ते तोंड त्या दाव्यात पक्षकार नव्हते! आणि १०२ टक्के म्हणजे कशाच्या १०२ टक्के, हे किती प्रेक्षकांच्या ध्यानी आले असेल? शंभरातले एकशेदोन जंतू तर कोणालाच मारता येणार नाहीत. आकडा तुलनेचा होता. पण कानावर पडताना तो पराक्रमाचा वाटतो, आणि जाहिरात कानासाठीच लिहिलेली असते.

दुसरा एक खटला ह्याहून गमतीचा आहे. बैद्यनाथ कंपनीचे लाल दंतमंजन हे आयुर्वेदीय औषध की प्रसाधन, असा प्रश्न अबकारी करासंबंधी उपस्थित झाला. औषध ठरले तर कर कमी, प्रसाधन ठरले तर अधिक. कंपनी म्हणे औषध, सरकार म्हणे प्रसाधन. १९९५ साली आणि पुन्हा २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने कौल दिला तो सरकारच्या बाजूने. आणि कसोटी लावली ती साध्या माणसाच्या बोलण्यातली. लोक ह्या वस्तूला काय समजतात? आजारी पडल्यावर वैद्याच्या सांगण्यावरून, ठराविक दिवसांपुरती घेतात की रोज उठून सहज वापरतात? जे रोज सहज वापरले जाते ते औषध नव्हे. ही कसोटी करापुरती योजलेली असली तरी मला ती फार मोलाची वाटते. कारण आपण टूथपेस्ट विकत घेतो प्रसाधन म्हणून, आणि तिच्यावर विश्वास टाकतो तो मात्र औषधावर टाकावा तसा.

हे सारे एरवी करमणुकीपुरतेच राहिले असते. परंतु आमच्या घरात ह्या प्रश्नाचे उत्तर मला एका माणसाला द्यावे लागले, आणि ते हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते.

माझी एक आत्या, आमच्या कोकणीत म्हणावयाचे तर मावळण, फोंडा तालुक्यातील एका देवस्थानच्या गावात राहते. वय पंच्याहत्तरीच्या पुढे. पहाटे उठणे, तुळशीला पाणी घालणे, देवळातील आरतीला जाणे, ह्यांत तिचा कधी खंड पडला नाही. आणि खंड पडला नाही तो आणखी एका गोष्टीत, मशेरीत. तंबाखूचे पान तव्यावर काळे होईपर्यंत भाजावयाचे, चुरावयाचे, डबीत भरून ठेवावयाचे आणि सकाळ, दुपार, संध्याकाळ बोटाने दातांवरून फिरवावयाचे. कोकणात आणि गोव्यात जुन्या पिढीतील असंख्य स्त्रियांनी हेच दंतमंजन मानले. विडी ओढणे ही पुरुषी व्यसनाची गोष्ट. मशेरीला व्यसन म्हणण्याची पद्धतच नव्हती. ती कीड मारते, हिरड्या घट्ट करते, असा तिचा लौकिक. म्हणजे जंतुनाशक दंतमंजनाचा दावा कंपन्यांच्या कितीतरी आधी आमच्या स्वयंपाकघरातल्या तव्यावर तयार होत होता.

एके वर्षी तिच्या गालाच्या आतल्या बाजूस एक पांढरा चट्टा दिसला. दुखत नव्हता, म्हणून तिने कोणास सांगितले नाही. दातांच्या कामासाठी दंतवैद्याकडे नेले तेव्हा तो त्यांच्या दृष्टीस पडला. तुकडा काढून तपासणीस पाठविला. अहवाल येईपर्यंतचे दिवस घरात कसे गेले ते मी लिहीत नाही. ज्या घरांतून असा अहवाल कधी ना कधी वाटेवर होता, त्यांना ते ठाऊक आहे. अहवाल आला तो कर्करोग नसल्याचा. परंतु पेशींत फरक पडू लागला आहे, तंबाखू आजपासून बंद, आणि ठराविक काळाने तपासणी, असे डॉक्टरांनी बजावले. आत्याने ते निमूटपणे ऐकले. घरी आल्यावर तिने मला जवळ बसविले आणि म्हणाली, “मशेरी सोडते. पण तिच्यासारखे जंतू मारणारे दुसरे काय, ते तू सांग. तू कायद्याचा माणूस, तुला कोणी फसवणार नाही.”

तिच्या ह्या विश्वासामुळे मला ह्या विषयातील पुरावा वाचावा लागला. जे हाती लागले ते थोडक्यात सांगतो.

प्रथम संख्या. निरोगी माणसाच्या एका मिलिलीटर लाळेत सुमारे दहा कोटी जिवाणू असतात आणि मानवी तोंडात आढळलेल्या त्यांच्या जाती सातशेंच्या वर आहेत. आता एखाद्या नळीवरील “९९.९ टक्के जंतूंचा नाश” हा दावा शब्दशः खरा धरू. दहा कोटींतून ९९.९ टक्के गेले तरी एक लाख उरतात. हे एक लाख दहा वेळा दुप्पट झाले की पुन्हा दहा कोटी. तोंडातील ऊब, ओल आणि अन्न पाहता त्यांना फार दिवस वाट पाहावी लागत नाही. शिवाय असा आकडा पुष्कळदा प्रयोगशाळेतील नळीमधला असतो. तेथे जिवाणू पाण्यात सुटे तरंगत असतात आणि औषध त्यांना हवा तितका वेळ भिडते. तोंडात तसे नाही. तेथे ते वाड्या करून राहतात. दातांच्या पृष्ठभागावर चिकट द्रवाची तटबंदी उभारून, थरावर थर रचून, त्यांची वसाहत असते, आणि बाहेरून आलेले औषध वरच्या थराशीच अडते. लेव्हेनहुकच्या व्हिनेगारचे जे झाले तेच. त्यातून टूथपेस्ट तोंडात राहते फार तर दोन मिनिटे. मग आपण ती थुंकून टाकतो आणि वर भरपूर चुळा भरतो.

मग दात घासण्यात अर्थ काय? अर्थ आहे, आणि तो मोठा आहे. १९६५ साली डेन्मार्कमधील ऑरहूस येथे हॅराल्ड ल्यो आणि त्यांचे सहकारी ह्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. निरोगी हिरड्यांच्या बारा व्यक्तींनी दात घासणे पूर्णपणे बंद केले. दहा ते एकवीस दिवसांत बाराही जणांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासणे सुरू केल्यावर सुमारे आठवड्याभरात त्या पूर्ववत झाल्या. ह्याहून सरळ पुरावा न्यायालयातही क्वचित मिळतो. थर साचू दिला की रोग; थर काढला की आरोग्य. आणि हा थर काढण्याचे श्रेय कोणाचे? २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका पद्धतशीर आढाव्यात, टूथपेस्ट लावून घासणे आणि नुसत्या ब्रशाने घासणे ह्यांची तुलना केलेले प्रयोग एकत्र तपासले गेले. थर निघण्याच्या बाबतीत टूथपेस्टमुळे काही अधिक लाभ होतो असे दिसले नाही. काम करतो तो ब्रश, आणि ब्रश धरणारा हात. फेस हा केवळ वाजंत्री आहे. त्याने लग्नाला शोभा येते, लग्न लागते ते मंत्रांनी.

तथापि टूथपेस्ट निरर्थक आहे असा निष्कर्ष कोणी काढू नये. तिच्यात एक पदार्थ असा आहे की ज्याच्या बाजूने भरभक्कम पुरावा आहे. तो म्हणजे फ्लोराईड. अमेरिकेत १९५५ साली स्टॅनस फ्लोराईड घातलेली क्रेस्ट बाजारात आली आणि १९६० साली अमेरिकन डेंटल असोसिएशनने दातांची कीड रोखण्याच्या बाबतीत तिला मान्यता दिली. तेव्हापासून असंख्य चाचण्या झाल्या. त्यांचा २००३ साली कॉक्रेन संस्थेने घेतलेला आढावा सांगतो की फ्लोराईडयुक्त टूथपेस्टमुळे मुलांच्या पक्क्या दातांतील कीड सरासरीने सुमारे २४ टक्क्यांनी कमी होते. आणि गंमत अशी, की हा विजय मुख्यतः जंतू मारून मिळविलेला नाही. आम्लाने दातातून निघून गेलेले क्षार लाळेतून पुन्हा दातात बसतात; त्या दुरुस्तीला फ्लोराईड हातभार लावते आणि दुरुस्त झालेला भाग आम्लाला अधिक दाद देत नाही. शत्रूला ठार न करता भिंत मजबूत करण्याचा हा मार्ग. जाहिरातीत तो शोभत नाही, म्हणून मागे राहतो.

अर्थात कोणत्याही गुणाला मर्यादा असते. हैदराबादकडील वाचकांना नळगोंडा जिल्ह्याचे उदाहरण ठाऊक असेल. तेथे विहिरींच्या पाण्यातच फ्लोराईड इतके, की पिढ्यान् पिढ्या लोकांचे दात डागाळले आणि हाडे वाकली. म्हणून लहान मुलांच्या ब्रशावर पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी, आणि ती गिळू द्यावयाची नाही. आपल्याकडील नियमांनी टूथपेस्टमधील फ्लोराईडला दशलक्ष भागांत १००० भाग अशी कमाल मर्यादा घातली आहे.

खरोखरच जंतू मारणारे पदार्थही टूथपेस्टमध्ये घालून पाहिले गेले. त्यांपैकी ट्रायक्लोसॅनचा इतिहास उद्बोधक आहे. त्याच्या बाजूने पुरावा होता. २०१३ सालच्या कॉक्रेन आढाव्यात, फ्लोराईडबरोबर ट्रायक्लोसॅन असलेल्या टूथपेस्टने दातांवरील थर आणि हिरड्यांची सूज ही दोन्ही सुमारे २२ टक्क्यांनी कमी झाल्याचे नोंदविले आहे. पण हाच पदार्थ हात धुण्याच्या साबणांत असता त्याची सुरक्षितता व उपयुक्तता सिद्ध झाली नाही, म्हणून अमेरिकेने २०१६ साली त्या साबणांतून तो काढावयास लावला. आणि कोलगेटने २०१९ साली आपल्या टोटल ह्या टूथपेस्टमधूनही तो वगळला. आता त्याची जागा स्टॅनस फ्लोराईड आणि जस्ताची संयुगे ह्यांनी घेतली आहे. पहिल्याने हिरड्यांचे रक्त येणे काही अंशी कमी होते, दुसऱ्याने दुर्गंधी. क्लोरहेक्सिडीन हे त्याहून प्रबळ. परंतु त्याने दातांवर तपकिरी डाग पडतात आणि नेहमीच्या टूथपेस्टमधील फेस आणणारा पदार्थ त्याचे बळ हिरावून घेतो. म्हणून दंतवैद्य ते चूळ भरण्यासाठी, थोड्या दिवसांपुरते देतात. लाल दंतमंजनाच्या खटल्यातील कसोटी येथे तंतोतंत लागू पडते. रोजच्या वापराचे ते नव्हे. तेव्हा ते औषध.

आपल्या कडुनिंब, बाभूळ, लवंग ह्यांचे काय, असे वाचक विचारतील. प्रयोगशाळेत कडुनिंबाचा अर्क जिवाणूंची वाढ रोखतो, लवंगेच्या तेलाने दाताची ठणक कमी होते, हे खरे आहे. ह्या वनस्पतींविषयी मला ममत्व आहे. परंतु ममत्व हा पुरावा नव्हे. प्रयोगशाळेतील यशापासून माणसाच्या तोंडातील यशापर्यंत जी वाट आहे ती चालून दाखविणाऱ्या मोठ्या, दीर्घ मुदतीच्या चाचण्या फ्लोराईडच्या वाट्याला आल्या तशा त्यांच्या वाट्याला आल्या नाहीत. कडुनिंबाची काडी चावण्याने जो लाभ होतो त्यात चावण्याचा वाटाही मोठा असला पाहिजे. तेव्हा वनस्पतींची टूथपेस्ट आवडत असेल तर खुशाल वापरावी. मात्र तिच्यात फ्लोराईड आहे की नाही हे पाहावे. राखुंडी, कोळसा, विटेची पूड ह्यांनी दात पांढरे दिसतात ते कवच घासले जाऊन, आणि ते कवच एकदा गेले की शरीर पुन्हा घडवीत नाही.

आणि तंबाखू? दंतमंजनात व टूथपेस्टमध्ये तंबाखू घालण्यास भारत सरकारने १९९२ साली बंदी केली. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. आमच्या व्यवसायाला अभिमान वाटावा असा तो निर्णय आहे. परंतु कायद्याचा हात कारखान्यापर्यंत पोचतो, घरातल्या तव्यापर्यंत पोचत नाही.

हे सगळे वाचीत असताना माझ्या मनात वारंवार देवळातील एक नित्याची गोष्ट येत होती. पुजारी पहाटे गर्भगृहाचे दार उघडतो आणि सर्वांत प्रथम आदल्या दिवशीचे निर्माल्य काढतो. ती फुले देवाची शत्रू नसतात. कालच ती भक्तिभावाने वाहिलेली असतात. पण राहिली तर कुजतात, म्हणून काढावयाची. उद्या पुन्हा साचतील, उद्या पुन्हा काढावयाची. किती टक्के निर्माल्य निघाले असे पुजाऱ्याला कोणी विचारीत नाही. सांदीकोपऱ्यात पाकळी राहिली का, एवढे तो स्वतःच पाहतो. तोंडाचे तसेच आहे. त्यातले सगळे जिवाणू आपले वैरी नाहीत. जिभेवरील काही जाती तर पालेभाज्यांतील नायट्रेटचे रूपांतर करून रक्तवाहिन्या सैल राखण्यास मदत करतात. जंतुनाशक चुळांनी त्यांचा नायनाट केला असता रक्तदाब किंचित वाढल्याचे काही प्रयोगांत आढळले आहे. जे राहू द्यावयाचे ते राहू द्यावे, आणि जे साचते ते रोज काढावे. चरकाने “मळ” हा शब्द वापरला होता. “जंतू” शब्दाने आपण तीनशे वर्षे फिरून पुन्हा त्याच शब्दापाशी आलो आहोत.

आत्याला मी हेच सांगितले, अर्थात लेव्हेनहुक आणि १०२ टक्के वगळून. मऊ ब्रश, सकाळी आणि रात्री निजण्यापूर्वी दोन दोन मिनिटे, वाटाण्याएवढी फ्लोराईडची कोणतीही साधी पेस्ट, दाब कमी, सांदीकोपऱ्यांकडे लक्ष अधिक, शेवटी थुंकावे, पण लगेच खळखळून चुळा भरू नयेत, म्हणजे फ्लोराईड दातांवर थोडा वेळ राहते. रात्रीच्या घासण्यानंतर प्रसादाचा पेढासुद्धा नाही. जंतू मारणारे महागडे काही आणावयाचे कारण नाही. तिने सारे ऐकून घेतले आणि म्हणाली, “पुता, जंतू मेले काय जिवे आसात, तें कोण पळयता?” मेले की जिवंत आहेत, हे पाहतो कोण! सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेल्या वादाचा हा निकाल तिने एका वाक्यात दिला. मशेरी सोडणे तिला सोपे गेले नाही. पहिले काही आठवडे ती चिडचिडी झाली, तिला झोप येईना, आणि तेव्हा आम्हांला कळले की इतकी वर्षे तिच्या हिरड्या नव्हेत, तर तिचा जीव मशेरी मागत होता. डॉक्टरांच्या मदतीने ते दिवस गेले. चट्टा आता फिका पडला आहे. तपासणी चालू आहे आणि ती चालूच राहावयाची आहे.

कायद्यात सिद्धतेचा भार जो दावा करतो त्याच्यावर असतो. बाजारात तो नकळत आपल्यावर येऊन पडतो, कारण आपण विचारीत नाही. २०२२ साली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने एका टूथपेस्टच्या “जगभरातील दंतवैद्य शिफारस करतात” अशा जाहिराती बंद करावयास लावून दहा लाख रुपयांचा दंड केला, ही चांगली गोष्ट झाली. पण प्रत्येक नळीमागे प्राधिकरण उभे राहू शकत नाही. तेथे ग्राहकानेच नळी उलटी करून मागचा बारीक मजकूर वाचावा. दर्शनी बाजूस जे मोठ्या अक्षरांत असते ते वकिलाचे भाषण; मागे बारीक अक्षरांत असते ती साक्ष. तेथे फ्लोराईडचे नाव, त्याचे प्रमाण आणि मुदतीची तारीख, एवढे सापडले की पुरे. बाकीचे काम नळीत नसते. रात्री दिवा मालवण्यापूर्वीची ती दोन मिनिटे कोणत्याही दुकानात मिळत नाहीत. ती ज्याची त्यानेच द्यावयाची असतात.